रुई वेचायची रांग

माय, परवा जिनिंग फॅक्टरीतली एक नवी बाई युनियनचं कार्ड काढायला घरी आली होती. माझं काम सुटून बरीच वर्षं झाली, तरी खामगावातल्या बायका फॉर्म भरायला अजून माझ्याकडेच येतात. अंगठा लावता लावता तिनं विचारलं, "आजी, हे कार्ड काढून होते तरी काय?" मी तिला तुझंच उत्तर दिलं, तुझ्याच शब्दांत, आणि ते तुझं आहे हे मात्र सांगितलं नाही. ती गेल्यावर घर इतकं रिकामं वाटलं की घासलेली भांडी मी पुन्हा घासायला काढली. आज शेवटी ही वही घेऊन बसले.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या हंगामातली गोष्ट. तू आणि मी शेजारशेजारच्या मशीनवर कापूस घालत होतो. सरकी खाली पडायची, रुई पुढे जायची आणि उरलेली सगळी आपल्या डोक्यात. सुटीचा भोंगा झाला की फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली बायका एकीमागे एक बसायच्या, आणि जी ती पुढचीच्या केसांतली रुई वेचायची. शेवटी बसणारीच्या मागे कोणी नसायचं, म्हणून पहिली उठून तिच्या मागे येऊन बसायची. तू कायम शेवटी बसायचीस. युनियन आली तेव्हा तू सगळ्यांच्या आधी अंगठा लावलास आणि माझंही कार्ड काढलंस. मी तोंड वाकडं केलं. "याचं काय लोणचं घालू?" असं म्हणाले होते बघ. तू चिडली नाहीस. "कार्ड दाखवाले नसते," म्हणालीस. "जिच्या मांगं कोणी नाही, तिच्या मांगं जाऊन बसाले असते."

मागणी साधी होती. दर हंगामाला मुकादम फाटकावर उभा राहून मर्जीतल्या बायका आत घ्यायचा. ते बंद व्हावं आणि गेल्या वर्षी काम केलेल्या बायकांना आधी बोलवावं. त्यासाठी संप झाला. तिसऱ्या दिवशी मुकादमानं मला रस्त्यात गाठलं. आत आलीस तर दाराजवळचं मशीन तुझं, म्हणाला. दाराजवळ वारा असायचा, रुई नाकातोंडात कमी जायची. मी एकोणीस वर्षांची होते, खोकला मागे लागला होता आणि तुझ्यासारखी माझीही छाती बिघडेल याची मला भीती वाटायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तू लिंबाखाली बसलीस आणि मी तुला न सांगता कापसाच्या गाड्यांच्या फाटकातून आत शिरले. माझ्यामागून आणखी काही जणी आल्या, मशीनं सुरू झाली, आणि आठवडा संपायच्या आत संप मोडला. बायका हात हलवत परत कामावर आल्या.

मग लिंबाखाली बैठक बसली. "पोरगी आत गेलीच कशी?" म्हणून सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या. तू उभी राहिलीस. "मीनंच धाडलं तिले," म्हणालीस. "तिचं काय चुकलं? मायचं ऐकलं तिनं." तू कमरेची पिशवी सोडलीस, कार्ड काढलंस आणि समोरच्या बाईच्या हातात दिलंस. मी तुझ्या पदराला हात लागेल इतकी जवळ बसले होते. एक शब्द बोलायचा होता. मी पायाच्या नखानं माती उकरत राहिले.

मला त्यांनी माफ केलं. कार्डही माझ्याकडेच राहिलं. पोरगी बिचारी, आईनं नादी लावली, असं म्हणत त्यांनी मला रांगेत मधोमध बसवलं. तू शेवटी येऊन बसायचीस, पण आता पहिली बाई उठून येत नव्हती. तू थोडा वेळ पाठ ताठ ठेवून बसून राहायचीस, मग एकटीच घरी निघायचीस. मी बघत असायचे. उठून चार पावलं यायचं होतं, एवढंच. एकदा घरी चुलीपाशी मी तुझ्या मागे बसले आणि केसांना हात घातला. तू डोकं पुढे ओढून घेतलंस. "इथं काऊन?" म्हणालीस. "इथं तं मले फणी हाय." पुढचे दोन हंगाम तू तशीच गेलीस-आलीस, आणि मग छातीनं गेलीस. तिरडी बांधताना तुझ्या मानेवरच्या केसांत रुई होती. ती मी काढली.

पुढे मागणी मान्य झाली. मी युनियनच्या कमिटीत गेले, बायकांना कार्डाचा अर्थ समजावत फिरले. लोक मला मानतात, माय, आणि मला त्याची लाज वाटते.

परवाची ती बाई दारातून वळून म्हणाली, "आजी, तुमच्या मायनंच तवा संप फोडला म्हणतात, खरं हाय काय?" मी म्हटलं, "जुन्या गोष्टी कायले काढतं वं?" ती ओशाळली आणि गेली.

तुला यातलं काहीच नवं नाही. हे वाचून दाखवायला हवं ते त्या बाईला. ती उद्या कार्ड न्यायला येणार आहे. वही मी आता ट्रंकेत ठेवते आहे, आणि तिचं कार्ड संध्याकाळीच शेजारणीकडे देऊन आले आहे, ती तिथूनच नेईल.