किल्ल्याखालचा दवाखाना

५ ऑक्टो., रवि.
दसरा सरला न सरला तोच ब्लाऊजपिसांचा ढीग मशीनवर. प्रत्येकीला दिवाळीच्या आत हवंय, आणि प्रत्येकीचं म्हणणं की माप मागच्याच वर्षीचं. बरं बाई, तुमचं खरं.
दुपारी गौरीचा फोन, पुण्याहून. वहिनीचा मोबाईल पळवून बोलत होती. "आत्या, आम्ही दिवाळीला आष्ट्याला येतोय. किल्ला करायचा. दवाखान्यासकट. पप्पा म्हणायचे, डॉक्टर आत्या आहे."
हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आठ वर्षांची पोर. बाप गेला त्याला अजून वर्ष झालं नाही.
पिंटू गेल्यापासून या घरात त्याचं नाव इतकं सहज कुणी घेतलं नव्हतं. आईनं नाही, मीही नाही. फोन ठेवल्यावर किती तरी वेळ पायडल मारता येईना.

७ ऑक्टो., मंगळ.
आईच्या कानावर घातलं. "औंदा आपल्यात सण न्हाई. वरीस सरू दे."
म्हटलं, तळण करू नको, कंदील लावू नको. पण किल्ला म्हणजे चिखल गं, चिखलाला कसलं सुतक?
बोलली नाही, भाकरी थापत राहिली. आमच्यात याला अर्धा होकार म्हणतात. बाकीचा अर्धा नातीचं तोंड बघितल्यावर मिळेल.

९ ऑक्टो., गुरु.
किल्ल्याच्या चित्रांचा डबा सापडेना. माळा उपसला. पिंपाखाली पाहिलं, कणगीमागं पाहिलं. मोठा बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत साड्यांच्या चिंध्यांत गुंडाळलेली मातीची चित्रं. मावळे, भालदार, तोफ, गवळण, शेपटी नसलेला वाघ.
डबा पिंटूचा. पहिलीत असल्यापासून दर दिवाळीला बाजारातून एक नवं चित्र आणायचं, हा त्याचा नेम. एकच. नोकरी लागली, लग्न झालं, पोरगी झाली, तरी नेम मोडला नाही. पस्तिशीचा बाप्या रस्त्यात उकिडवा बसून कुंभारणीशी वाद घालायचा, या मावळ्याची मिशी वाकडी हाय, दुसरा द्या. मी लांब उभी राहायची, हा आपला नाहीच अशा चेहऱ्यानं.
आणि फुटलं तरी टाकायचं नाही. सगळ्या आळीतली पोरं फुटकं चित्र उकिरड्यावर फेकायची. आमच्यात त्याला दवाखान्यात दाखल करायचं. किल्ल्याच्या पायथ्याला कौलाचा आडोसा, खाली कापूस, त्यावर जखमी ओळीनं. मी डॉक्टर. काडेपेटीच्या काडीची खपची बांधायची, डिंक लावायचा. बरं कुणीच होत नसे, पण डिस्चार्जही कुणाला मिळत नसे. दर वर्षी दवाखाना वाढत गेला, किल्ला तेवढाच राहिला.
आईला विचारलं डब्याचं. म्हणाली, आसंल कुठंतरी.

१० ऑक्टो., शुक्र.
भंगारवाल्याला गाठून विचारलं. तो बिचारा गोंधळला. आता चुलतभावाच्या पोरांवर संशय. उगाच त्यांच्या घरी जाऊन तिरकं बोलून आले. जिभेला हाड नाही माझ्या.

१२ ऑक्टो., रवि.
डबा सापडला. आईच्या कोठीत, आत हरभऱ्याची डाळ.
घेऊन तिच्यासमोर ठेवला. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "घट बसायच्या आधी घर धुतलं न्हवं का. तवा सोडली कृष्णंत. भिलवडीच्या घाटावर."
"सगळी?"
"चांगली हायती. ट्रंकंत. भंगल्याली तेवढी सोडली."
मी ओरडले. खेळणी ती, देव नव्हेत, विसर्जन कसलं करतेस! भिंतीपलीकडनं कमळाकाकू डोकावण्याइतपत ओरडले.
आई म्हणाली, "भंगल्यालं घरात ठिवू न्हाई म्हंत्यात. मी पोरांचं मन मोडाय नगं म्हून ठिवलं. इतकी वर्सं माझ्या माळ्यावर हात तुटल्याली, मान तुटल्याली माणसं व्हती गं. येक जित्तं घिऊन गेली."
माघात हायवेला ट्रकनं उडवलं पिंटूला. आणि ही आठ महिने बसली आहे हे मनात घेऊन, की माझ्यामुळं. माझ्याजवळ एकदाही बोलली नाही. मी रोज शेजारी झोपते तिच्या.

१३ ऑक्टो., सोम.
सकाळी म्हटलं, आई, ट्रकवाल्याला काय ठाऊक तुझ्या माळ्यावर काय होतं ते? "तुला न्हाई कळायचं," म्हणाली, आणि मेथी निवडायला घेतली.
मातीच ती. पाण्यात पडल्या पडल्या विरली असणार. माझ्या खपच्यासुद्धा.
गौरीला काय सांगू?

१५ ऑक्टो., बुध.
बाजारात गेले. नवे मावळे घ्यायचे, घरी येऊन फोडायचे आणि दवाखाना भरायचा. पोरीला काय कळणार आहे, असा डाव.
प्लास्टरच्या चकचकीत चित्रांचे ढीग, कार्टूनवाली, मोठ्या डोळ्यांची. पोरांची झुंबड तिकडंच. पण कोपऱ्यात आमची कुंभारीण मावशी तशीच गोणपाटावर. आणि तिच्यापुढंही दोन पोरं उकिडवी, मिशा तपासत. हातात घेऊन बघते तो तोच मावळा. तीच पुढं टाकलेली टाच, तोच जरा फुगलेला उजवा गाल.
"साचा त्योच हाय की, माझ्या सासऱ्याचा," मावशी म्हणाली. "रंग तेवढा बदलतो. तुजा भाऊ न्हाई आला औंदा? लय भांडतो बया त्यो मिशीवरनं."
मी म्हटलं, नाही आला. तिनं एक चांगल्या मिशीचा निवडून दिला, त्याच्यासाठी म्हणून.
चालत घरी आले. रिक्षात बसले असते तर रिक्षावाल्यासमोर रडले असते.

१६ ऑक्टो., गुरु.
फोडायला बसले. मिशीवाला बाजूला ठेवला, दुसरा घेतला. नेमका डावा हात पाडायचा होता, आमचा दवाखान्यातला थोट्या होता तसा. कात्रीच्या मुठीनं हलकेच ठोका दिला. मान गेली.
डॉक्टरनंच मारला पेशंट.
हसू आलं आधी. मग आलं ते हसू नव्हतं. आई दारात उभी राहून बघत होती. केरसुणी घेऊन आली आणि तुकडे भरून बाहेर नेले. फसवाफसवी बंद. पोरीला खरं सांगायचं.

१७ ऑक्टो., शुक्र.
वसुबारस. वहिनीला फोन करून सगळं सांगितलं, म्हणजे गौरीला तिनंच आधी सांगावं. वहिनी म्हणाली, "ताई, एक आहे अजून. गेल्या दिवाळीला आष्ट्याहून येताना त्यांनी आणला होता. त्यांच्या ऑफिसच्या बॅगेत असायचा, चष्म्याच्या घरात, कापसात. पोलिसांनी बॅग दिली तेव्हा तो आत तसाच होता. गौरीजवळ असतो आता."
थोट्या. माझी खपची अजून आहे म्हणे.
म्हटलं, बॅगेतलं आईला बोलू नका. ती वेगळाच अर्थ काढेल. वहिनी म्हणाली, "अर्थ मीपण रोज काढते, ताई."
या बाईशी मी इतक्या वर्षांत धड बोललेच नव्हते.

१९ ऑक्टो., रवि.
आल्या दोघी. आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात. गौरीवरनं तुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, आता आत घेणार, तेवढ्यात पोरीनं मूठ उघडली.
"आजी, हा बघ. पप्पांच्या बॅगेत होता. पप्पांना लागलं, याला काहीच नाही झालं."
आईनं तांब्या खाली ठेवला. पोरीला शाबासकी हवी होती, ती नुसती वर बघत राहिली. वहिनीनं मान फिरवली. मी थोट्याला पाहिलं. लाल रंग पार उडालेला, डाव्या खांद्याला माझी काडी, त्यावर पिवळा पडलेला दोरा.
आई म्हणाली, "बाळा, तू ये आत. त्यो उंबऱ्याच्या आत न्हाई याचा."
"का?"
"न्हाई म्हंते न्हवं मी."
मग गौरीही आत आली नाही. अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसून राहिली, मूठ आवळून. आमच्याच घरची जिद्द, कुठं जाणार. जेवायची वेळ झाली. वहिनी विनवून थकली, मी लालूच दाखवून थकले.
शेवटी आईच ताट घेऊन बाहेर आली. पोरीजवळ बसली, घास केला. म्हणाली, "किल्ला अंगणात करायचा हाय न्हवं? आंगण काय घर न्हवं. तितं ऱ्हाऊ दे त्येला."
गौरीनं आ केला.

२० ऑक्टो., सोम.
किल्ला झाला. विटा, गोणपाट, वर काळ्या मातीचा गिलावा. मोहरी पेरली. महाराज वर, मिशीवाला दरवाजावर पहाऱ्याला. शेजारच्या तिन्ही बाजूंनी फराळाचे डबे आले, आमच्यात तळण नाही म्हणून. वहिनी चिखलात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. कमळाकाकूंच्या भुवया पार कपाळावर. चढू देत.
गौरी स्वतःचा डबा घेऊन आलीय, पाकिटातून निघणाऱ्या रबरी बाहुल्यांचा. आत कुठली निघेल ते आधी कळत नाही म्हणे, म्हणून घेत राहायच्या. बापाची लेक. एकीचा पाय तुटलाय, तिला थोट्याशेजारी कापसावर झोपवली. "आत्या, हिला ॲडमिट कर."
केली. खपची बांधताना बोटं अजून विसरली नाहीत.

२३ ऑक्टो., गुरु.
भाऊबीज. सकाळपासून मशीनला हात लावला नाही, स्वयंपाकाला लावला नाही.
तिन्हीसांजेला आई हळूच म्हणाली, "भाऊ नसला की चंद्राला ओवाळत्यात." नसला, हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. सण नाही म्हणणारी तीच, आणि निरांजन तिनंच लावून आणलं.
अंगणात गेले. चंद्र कुठला, नुसतं आभाळ भरलेलं. ताट घेऊन उभी, वाऱ्यानं ज्योत हलतेय, हात भरून आला. गौरी म्हणाली, "याला ओवाळ ना."
आईकडं बघितलं. हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. पदर तोंडाला लावून उभी.
कौलाखाली वाकून ओवाळलं. एवढंसं मातीचं चित्र, हात नाही, तोंडाचा रंग नाही. पिंट्या, मेल्या, तू असतास तर हसून लोळला असतास. मला कळेना आसू कशानं पुसावेत, दोन्ही हातांत ताट.

२६ ऑक्टो., रवि.
गेल्या दोघी. एस.टी. सुटताना गौरीनं खिडकीतून बजावलं, "त्याला तुझ्याकडं ठेवलंय. बरा झाल्याशिवाय सोडू नकोस."
घर खायला उठलंय.

३ नोव्हें., सोम.
तुळशीची लग्नं लागतायत. आळीतले किल्ले पोरांनी लाथा घालून मोडले, तेही एक सुख असतं. आमचा आहे. मोडू का, म्हणून आईला विचारलं. "घाई हाय का तुला?"
महाराज आणि बाकीची चांगली चित्रं पुसून ट्रंकेत ठेवली. दवाखान्याला दोघींनीही हात लावला नाही. मोहरी वाळून पिवळी पडली.
एक गोष्ट लक्षात आलीय. दिवस मावळला की आई भाकरीची रिकामी बुट्टी घेऊन बाहेर जाते आणि त्या कौलावर पालथी घालते. दव पडतंय म्हणून. सकाळी काढते. मला दिसत नाही असं समजते.

६ नोव्हें., गुरु.
दुपारपासून आभाळ दाटून आलंय. कोरेगावकडं पडला म्हणे, दूधवाला सांगत होता. बुट्टी, कौल, काही टिकायचं नाही असल्या पावसात. किल्ल्याचा पुन्हा चिखल होईल आणि थोट्या तर कच्च्याच रंगाचा, कच्च्याच मातीचा.
मी उचलून आणायला निघाले तर आईनं मनगट धरलं. घट्ट. "थांब जरा."
"अगं विरघळेल तो."
"ठावं हाय मला."
"मग आणू ना आत?"
उंबऱ्यावर बसली आहे केव्हाची, आभाळाकडं बघत. मी मशीन बंद करून तिच्यामागं बसून हे लिहितेय. आता नुकतीच म्हणाली, माझ्याकडं न बघता, "तवाबी आसंच आभाळ व्हतं का गं, त्यो गेला तवा?"
नव्हतं. ऊन होतं लख्ख. तसं सांगितलं तिला.
पहिले थेंब पडायला लागलेत. ती उठली आहे, कौलाकडं निघाली आहे.