गडग्यापलीकडचं गवत

मसुरे,
१२ जानेवारी २०२५

ती. दाजीस,
धाकटी बहीण जानकीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं लहानपणासारखे भांडतो आणि शेवटी वहिनी फोन काढून घेते, म्हणून यंदा पत्र. पत्रात तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही, हा एक फायदा.

इकडे सर्व खुशाल. कलमांना असा मोहर आलाय की पानं दिसत नाहीत. हे सकाळचा चहा घेऊन बागेत जातात ते जेवायला हाक मारली की उगवतात. लग्न माझ्याशी केलंत की कलमांशी, असं विचारलं तर म्हणतात, कलमं उलट बोलत नाहीत. एकेक कलम त्यांनी खांद्यावरून पाणी वाहून जगवलंय, तेव्हा मीही फार ताणत नाही.

पण दाजी, बागेच्या कडेच्या दगडी गडग्याच्या खाली तुझ्या जमिनीत गवत माणूसभर वाढलंय आणि वाळून कडकडीत झालंय. आमची कलमं गडग्याला अगदी लागून, त्यामुळे आमच्या बाजूला मोकळी पट्टी ठेवायला जागाच नाही. वनखात्याचा माणूस बघून गेला. त्याचं म्हणणं, गडग्याच्या खालच्या अंगाला रुंद जाळरेषा काढा, म्हणजे गवत मुळापासून तासून माती उघडी करा, नाहीतर एक ठिणगी पुरे. दुपारचा खारा वारा तुझ्याकडून चढून थेट आमच्या बागेत येतो, हे तुला मी काय सांगू! शेजारचा बाबली कापायला तयार आहे. गवत त्याच्या गुरांना मिळालं की झालं. तू फक्त हो म्हण.

वहिनीला नमस्कार, तुझ्या मितेशला आत्याचे आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जानकी

*

डोंबिवली,
२३ जानेवारी

चि. सौ. जानकीस,
दाजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या विरोधातली वाक्यं दोनदा. शंकररावांना सांग, मोहराला दृष्ट लागेल इतका वेळ बघत बसू नका.

गवताबद्दल माझं उत्तर तेच, नाही. तू तेव्हा परकरात होतीस, तुला आठवायचं नाही. आबांनी खालच्या मळ्यात एका माणसाला नुसतं गवत कापायची मुभा दिली, भलेपणाने. काही वर्षांनी तो कूळ म्हणून उभा राहिला आणि मळा गेला. त्यानंतर आबा त्या बाजूच्या खिडकीशी कधी बसले नाहीत. बाबली चांगला माणूस आहे हे मान्य. तोही चांगलाच होता.

गावात माझ्या नावावर आता एवढाच तुकडा उरलाय. तो आहे म्हणून मी अजून मसुऱ्याचा. त्यात कोयता कुणाचाच पडता कामा नये, शंकररावांचाही नाही. याला तू अविश्वास म्हणशील. तसं नाही गो. मला भीती वाटते, एवढंच.

मितेश यंदा आंगणेवाडीच्या जत्रेला येतोय. त्याला कोळंबीचं सार करून घाल. रागावलीस तरी पत्र पाठवत जा.

तुझा,
दाजी

*

मसुरे,
४ फेब्रुवारी

ती. दाजीस,
जानकीचा शि. सा. न. वि. वि.

परवा पलीकडच्या वाडीत वणवा लागला. कुणी म्हणतं शिकाऱ्यांनी लावला, कुणी म्हणतं विडी टाकली. राधाबाईची काजूची बाग तासाभरात गेली. हे आणि वाडीतले पुरुष हिरव्या डहाळ्या घेऊन आग झोडत होते. पाण्याचा टँकर रस्त्यावर येऊन उभा राहिला, पण वर चढायला वाटच नाही. आम्ही बायका कळशा भरून देत होतो. त्या आगीपुढे कळशी म्हणजे काय रे!

राधाबाई रडली नाही. नुसती खळ्यात बसून राहिली. मी भात घेऊन गेले तर मला म्हणाली, तुमच्या खालचा गवात आधी काढा. आमच्या अंगणात अजून राख पडते. वाळत घातलेले कपडे काळे होतात, पिण्याच्या पाण्यालाही धुराचा वास येतो. हे रात्रीचे दोन-तीनदा उठून वास घेतात आणि मला म्हणतात, काही नाही, झोप.

तुझी भीती मला कळते. आबांचं ते खिडकी टाळणं मीही पाहिलंय. मग असं कर, तुझ्या विश्वासातली माणसं तूच घेऊन ये, तू समोर उभा राहा, गवत तुझ्या डोळ्यांदेखत कापलं जाऊ दे. कोयत्यावर तुझं नाव घालून देते हवं तर. कैऱ्या आता सुपारीएवढ्या झाल्यात. दाजी, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागते.

उत्तर लवकर दे. तोवर लोभ आहे तसाच राहू दे.

जानकी

*

डोंबिवली,
१३ फेब्रुवारी

चि. सौ. जानकीस,
अ. उ. आ.

राधाबाईचं वाचून दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तू मागितलंस आणि मी ऐकलं नाही असं व्हायचं नाही. गवताचा बंदोबस्त मी केलाय. जत्रेला मितेश येतोय, त्याला सगळं समजावून पाठवतो. तुम्ही कुणी त्यात पडू नका. शंकररावांच्या तर कानावरही घालू नकोस. ते उगाच अडवतील आणि पोर गोंधळेल.

गवत राहणार नाही आणि त्याला कुणाचा कोयताही लागणार नाही. आता तरी हस.

देवीला माझी ओटी भर. आणि आपलं काय ते आहेच, ते लिहायला नको.

तुझा,
दाजी

*

मसुरे,
९ मार्च

ती. दाजीस,
जानकीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं ते पत्र वाचून मी खरंच हसले होते. वाटलं, मितेश कापायला माणसं घेऊन येतोय. यांना काही बोलले नाही, कारण तू नको म्हणाला होतास. बोलले असते तर बरं झालं असतं.

बाग जळली हे तुला फोनवर कळलंय. वणवा कुठून आला ठाऊक नाही, असं यांनी तलाठ्याला पंचनाम्यात सांगितलं, तुलाही तेच सांगितलं. मितेशने तुला पाय मुरगळलाय म्हणून राहिलोय असं कळवलं. त्याचा पाय धड आहे. हात भाजलेत. मी रोज मलम लावते आणि तो भिंतीकडे बघत बसतो. परवा त्याने मला सगळं सांगितलं. गवत जाळून कुणी कूळ होत नाही, वारा पडला की संध्याकाळी पेटव, असं तू त्याला शिकवून पाठवलंस. त्याला संध्याकाळी जत्रेला जायचं होतं. त्याने भर दुपारी काडी लावली.

सगळा गाव आंगणेवाडीला होता. मीही ओटी घेऊन रांगेत उभी होते. वर फक्त हे आणि बाबली. बाबली सांगतो, दोघांनी डहाळ्यांनी झोडत आग गडग्यापाशी रोखून धरली होती. आणखी थोडा वेळ मिळता तर ती तिथेच मेली असती. तेवढ्यात खालून धुरातून मितेशची हाक आली. यांनी डहाळी टाकली आणि गडगा उतरून आत गेले. बाबली एकटा पडला. हे मितेशला पाठीवर घेऊन वर आले तेव्हा आग गडगा ओलांडून कलमांत शिरली होती.

एकही कलम वाचलं नाही. मोहर, कैऱ्या, पानं, काही नाही. यांचा खोकला अजून थांबत नाही. डॉक्टर म्हणतात धूर छातीत बसलाय, चढण चढायची नाही. तरी सकाळी चहा घेऊन गडग्यापर्यंत जातात आणि परत येतात.

यातलं काही तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. मितेशच्या मनाला लागेल म्हणून. मी रडले तेव्हा एकदाच बोलले, "बाग परत लावूक येता, झील परत खंयसून हाडूचो?" ते खरंच आहे, मुलगा परत कुठून आणायचा. पण ती शपथ मी मोडतेय, कारण तुझ्या मुलाचा जीव कशाच्या बदल्यात वाचला हे तुला माहीत असायला हवं.

पावसाळ्यात नवी कलमं लावू म्हणतात. खड्डे कुठे घ्यायचे तेही ठरवलंय. कलम भरघोस धरायला आठ-दहा वर्षं जातात, आणि यांना आत्ताच त्र्याहत्तरावं लागलंय.

लोभ आहे, म्हणूनच लिहिलं.

जानकी