गाण्यात वारलेले आबा

मोरबी, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आबांच्या पायावर इथूनच डोकं ठेवून शि. सा. न. वि. वि.

तर मी काय खरंच तुमचा गळा दाबला का? गाण्यात मारलं, तेबी तीनच ओळीत. त्यावरून फोनच उचलायचा न्हाई, हे लय झालं. राजेश्रीअक्का म्हणली कागदावर लिही, म्हणून लिहायलोय. सहावीनंतर पेन धरला न्हाई, चुका पोटात घाला.

आमच्या टाइल्सच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे रॅप ऐकतात. मी नीट ध्यान दिलं. ज्याचा त्याचा बाप गेलेला. एकाचा तर तीन गाण्यांत तीनदा. तवा कुठं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याजवळ काय गोष्ट? बाप धडधाकट, दोन टाइम भाकर खाणारा, वरून मलाच शिव्या देणारा. म्हणून तुमाला पुलावर ट्रकखाली घेतलं. नाव खरं घातलं, कारण 'आबासाहेब' तालात बसतंय. गाणं मोबाइलवरून टाकलं, चारशे जणांनी ऐकलं!

राग ठेवा, पण थोडा. पाडव्याला यायलोय.
तुमचा योगीराज

ताडकळस, १७ फेब्रुवारी

चि. योगीराजला अक्काचे अ. उ. आ. आबांकडून काहीच न्हाई.

त्या चारशेंत आपली पालमची नर्मदाआत्या होती. आबांचं नाव ऐकून तिनं भावाला फोन लावला. आबा तर तुझ्यावर रुसून कुणाचाच फोन उचलीनात. आत्याची खात्री पटली. सात बाया घेऊन एसटीनं बसायला आली, वेशीपासूनच रडत. आबा ओसरीवर दाढी करायलेले. अर्ध्या तोंडाला साबण, तसंच उठून त्यांनी या-बसा केलं, तर आत्याला चक्कर आली. दुसरी बाई मायच्या कपाळावरचं कुंकू बघून मायलाच रागावली. मग सगळ्यांना चहा.

दुखवट्याचा टॉवेल-टोपी आत्यानं परत नेला न्हाई. कोनाड्यात पडलाय. आबा म्हणतेत, दुखवट्याच्या घरी गुढी उभारत न्हाईत, तर योग्यानं पाडव्याला येऊ नये. माय दोन दिवस जेवली न्हाई.

माझा लोभ हाय तसाच हाय, त्यांचा तू बघ.
राजेश्री

मोरबी, २५ फेब्रुवारी

ती. आबांना पुन्हा दंडवत.

चुकलो. मायला जेवायला सांगा. पण एक विचारतो, हे मी शिकलो कुणाकडून? बाजारात करडू विकताना तुमीच सांगायचा, याची माय याला जन्म देऊन मेली, घरच्या लेकरावानी बाटलीनं पाजलं. घेणारा डोळे पुसून वाढीव भाव द्यायचा. करडाची माय तिकडं आपल्या गोठ्यात पाला खायची. रॅपवाल्यांकडून मी ताल घेतला, गोष्ट तुमची. फरक एवढाच, तुमच्या शेळीसाठी कुणी बसायला आलं न्हाई.

नवं गाणं केलंय. त्यात तुमी साबणाच्या तोंडानं ट्रकखालून उठता आन् नर्मदाआत्याला चहा पाजता. कारखान्यात म्हणून दाखवलं. कुणी रडलं न्हाई, पोट धरून हसले. एकानं तर लगेच गावाकडं बापाला फोन लावला.

पाडव्याला वेशीपाशी उतरीन. गुढी दिसली तर घरी येईन, न्हाईतर आलेल्या एसटीनं माघारी.

तुमच्या शिव्यांची वाट बघणारा,
योगीराज

ता. क. ती दुखवट्याची टोपी डोक्यावर घालू नका. नव्या टोपीला आन् गुढीच्या साखरगाठीला अक्काच्या फोनवर पैसे टाकलेत. नुसते पाचशे दुखवट्यासारखे दिसायलेले, म्हणून वर शुभाचा एक घातला. पाचशे एक रुपये.