कोरड्या ओढ्यातली हाक

४ एप्रिल

आले एकदाची! चाळीस एकर माझे, आणि त्यांवर माझ्याखेरीज चिटपाखरू नाही. ओहायोत शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या कलकलाटात उभा जन्म गेला. इथं कान नुसते निवले. ॲरिझोनातला हा तुकडा माझ्या नवऱ्यानं, लायलनं, आणि मी मिळून पसंत केला होता. निवृत्त झालो की जायचं, दुसऱ्या कुणाच्या विजेवर, नळावर जगायचं नाही. फेब्रुवारीत तोच गेला. बहीण म्हणाली, एकटी जाऊन काय वाळू चाटणार आहेस? म्हटलं, हो, चाटेन.

राहायचा ट्रेलर टेकाडाच्या आडोशाला लावला. छपरावर सौर पॅनेल, मागे पाण्याची टाकी, समोर कोरडा ओढा. संध्याकाळी दारात बसून डब्यातले पीच खाल्ले. खुर्च्या दोन उघडल्या होत्या. एक मिटून ठेवली.

९ एप्रिल

पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हर बर्ल, तोंडानं फटकळ. फाटकाशी हॉर्न वाजवून तिथंच थांबला. मी दारातून हाका मारल्या तरी ढिम्म हलेना. चालत समोर गेले तेव्हा काच खाली केली. म्हणाला, इथं कुणी कुणाला लांबून हाक मारत नाही बाई, हॉर्न देतात. का, विचारलं. तर म्हणे, तोंड काय कुणालाही असतं, हॉर्न गाडीलाच असतो. मी खूप हसले. तो हसला नाही. जाताना म्हणाला, एक उन्हाळा काढून दाखव, मग तुला शेजारीण म्हणेन.

१७ एप्रिल

खरी शेजारीण भेटली! ओपल. टेकडीपलीकडे राहते, चालत तासाभरावर. मक्याचा पाव घेऊन आली, वर मलाच म्हणाली, तुझी कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी आहे. फार आवडली मला.

जाताना तिच्या नवऱ्याचा, ग्रोव्हरचा, विषय निघाला. तो भर दुपारी कुंपण दुरुस्त करत होता. आलो गं, असं ओरडून ओढ्याकडे गेला, तो गेलाच. मी त्याला बोलावलंच नव्हतं, ओपल म्हणाली. मग एकदम म्हणाली, माझ्याकडे राहायला ये, दोघी मिळून एकमेकींचं डोकं खाऊ. मी नको म्हटलं. जागा घेतली ती काय दुसरीच्या घरी राहायला?

१२ मे

बरेच दिवस कुणाशी बोलले नाही. सकाळी टाकीला गुड मॉर्निंग म्हटलं आणि माझी मलाच लाज वाटली. लायलची खुर्ची पुन्हा उघडून ठेवली आहे.

दुपारी ओढ्याकडून हाक आली. व्हर्ना! थेट बहिणीचा आवाज. अनवाणी धावले, पाय पोळले. कुणी नव्हतं. वाळूवर नुसती झळ.

१९ मे

आज लायल.

तो नाही, हे मला कळत होतं. मी स्वतः त्याला पुरलंय. पण त्यानं विचारलं, अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास? अगदी तस्साच, जरा वैतागून. मी ओ दिली.

मग दुपारभर काठावर बसून बोलत राहिले. पोटातलं सगळं बोलले. इतकं बरं वाटलं. आत्ता, लिहिताना लक्षात येतंय की त्यानं स्वतःचं काहीच सांगितलं नाही. तो नुसता विचारत होता. मला बोलतं ठेवत होता.

२३ मे

लायल येत नाही. आता ओढ्यातून माझा आवाज येतो.

मी त्याला सांगितलेलीच वाक्यं. आधी चुकतं, मग सुधारतं. पुन्हा, पुन्हा. दुपारपर्यंत एकही चूक राहिली नाही.

मला इथं राहायचं नाही. सकाळी ओपलकडे जाते.

२४ मे

माझी पिकअप गाडी ओढा ओलांडताना वाळूत रुतली. चाकं नुसती फिरली. हॉर्न कुणाला ऐकू जाणार? चालत गेले.

ओपलचं दार बंद, खिडक्यांना आतून फळ्या. दार ठोकलं, ओरडले, ओपल, मी व्हर्ना, उघड! आतून ती रडत म्हणाली, जा इथून, सकाळपासून किती छळशील? म्हटलं, सकाळी मी नव्हते गं, ही मी आहे, खरी. ती म्हणाली, मघाशीही असंच म्हणालीस.

एकदा फटीतून बघ तरी, म्हणून विनवलं. आतून बंदुकीचा खटका वाजला.

परत आले. सबंध वाट कुणीतरी माझ्या आवाजात गुणगुणत होतं — माझ्या मागे नाही, पुढे.

२५ मे, सकाळ

घशातून आवाज निघत नाही. कालच्या ओरडण्यानं. नुसती खरखर.

दुपार

ओपलची पिकअप! हॉर्न देत देत आली. राहवलं नसेल तिला. पण माझी गाडी वाटेत आडवी — ती ओढ्याशीच थांबली. खिडकीतून तिची टोपी तेवढी दिसतेय, मी तिला दिसत नाहीये —

हाक आली. माझ्या आवाजात. ओपल, इकडे ये गं, पाय अडकलाय माझा.

मी ओरडले. नुसती हवा.

हे लिहून टेबलावर ठेवते. त्याला लिहिता येत नाही. जो कुणी वाचेल त्यानं इथं कुणाच्याही आवाजावर —

टोपी ओढ्यात उतरतेय. ओपल म्हणतेय, घाबरू नकोस, आले मी. कालबद्दल माफ कर, म्हणतेय. आणि मी — ते — हसून म्हणालं, वेडी आहेस का.

धावते. आवाज नसला म्हणून काय, जाऊन तिचा हात ध