रॅकूनच्या चाव्यावर मंत्र

शनिवार, ऑक्टोबर २००५, ट्रॉय

अजून डोकं तापलंय. संध्याकाळी पार्टीत सुधाकाकूंना कचऱ्याच्या डब्यापाशी रॅकून, इथला मांजराएवढा रानटी प्राणी, चावला. आणि त्यांच्या इंजिनिअर मुलानं, नितीननं, काय करावं? साता समुद्रापलीकडे गावच्या मांत्रिकाला फोन! स्पीकरवर मंत्र, जखमेवर तिखट चोपडलेलं. तिखट! इथं येऊन एमएस झालेले सगळे इंजिनिअर माना डोलावतायत.

"याच्या हातून आजवर कुणी दगावलं नाही यार," नितीन म्हणाला.

दगावलेले सांगायला येतात का, मूर्खा?

मी म्हटलं, "काकू, रेबीज झाल्यावर औषध नाही. आत्ताच चला."

त्या उठून गाडीत बसल्या. इमर्जन्सीत तिखट धुतलं, इंजेक्शनं सुरू झाली. परतताना म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावाला याच मांत्रिकाच्या बापाकडे नेलं होतं. म्हणून नितीनला मामा नाही."