कापायला दिलेले समास

बाबा, मी मस्कतला जुनी पुस्तकं दुरुस्त करते हे ऐकून तुम्हाला हसू आलं असतं. अलिबागच्या स्वयंपाकघरात शुक्रवारी दुपारी आई मासळी तळत असायची आणि तुम्ही ओट्याशी स्टूल ओढून हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक उघडायचात. छापील मजकुराच्या कडेला पेन्सिलीने मराठीत बारीक बारीक लिहायचात, तेही घाईघाईने, कारण दिवे लागले की शब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस, मग पेन्सिलीला हात नाही. एकदा मी त्याच कोऱ्या जागेत मिशीवाला माणूस काढला. तुम्ही मारलं नाहीत. म्हणालात, “प्रश्न पडला तर लिही. मिशा काढू नकोस.” मग मांडीवर घेऊन हिब्रूची पहिली चार अक्षरं गिरवून घेतलीत.

दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट सांगते. माझे अर्बाब, म्हणजे मालक, सत्तरीचे ओमानी गृहस्थ, मस्कतच्या मत्राह भागातल्या घरी त्यांचा मोठा ग्रंथसंग्रह. त्यांनी एका लिलावातून तीन जाडजूड पुस्तकं मागवली. खोकं उघडलं आणि पहिलं पान उलटलं. हिब्रू! सोबतच्या यादीप्रमाणे, छपाई नवीन होती त्या काळातले आपले कायद्याचे ग्रंथ: करार कसा करावा, विहिरीवर हक्क कोणाचा, शब्बाथला काय चालतं. आणि समास तपकिरी शाईने भरलेले. दोन वेगळी हस्ताक्षरं, एकाच्या टिपणावर दुसऱ्याचं टिपण, कुठे रागाने मारलेली रेघ. मला अक्षरं लागत होती, अर्थ फारसा लागत नव्हता. तुम्ही तरी कुठे सगळा शिकवला होतात!

अर्बाब आले आणि तोडक्या हिंदीत म्हणाले, “कडा काप. ही घाण जाईल, तिन्ही पुस्तकं कपाटात एका मापाची दिसतील.”

“ती घाण नाही, अर्बाब. वाचणाऱ्यांनी घातलेला वाद आहे.”

“तुला काय माहीत?”

बाबा, इथे सगळे माझ्या आडनावातला ‘कर’ ऐकून मला हिंदू समजतात. मीही कधी खुलासा केला नव्हता. वादी कबीर भागातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या शेजारणी दिवाळीचा फराळ देतात, मी आनंदाने घेते. व्हिसा या माणसाच्या हातात, मुलगा इथल्या शाळेत. तरी म्हटलं, “माझे वडील ही अक्षरं वाचायचे. आम्ही ज्यू आहोत.”

ते काठी टेकत निघून गेले. पुढचे काही दिवस बोलावणं नाही, फोन नाही. नवऱ्याने कपाटावरच्या बॅगा खाली काढून पुसून ठेवल्या. मला विचारलंही नाही.

मग एका सकाळी ड्रायव्हर न्यायला आला. टेबलावर ती तिन्ही पुस्तकं तशीच होती, शेजारी रेशमी रुमालात बांधलेलं चौथं. अर्बाबनी गाठ सोडली. अरबी कायद्याचा ग्रंथ, वाळवीने खाल्लेला, आणि चारही कडांना ओळींची गर्दी.

“माझ्या आजोबांचं अक्षर,” ते म्हणाले. “ते निझवा शहरात काझी होते. मरेपर्यंत या पुस्तकाशी भांडत होते.” हिब्रू पानावरची रागाची रेघ त्यांनी बोटाने दाखवली आणि हसले. “हेही नीट कर. काही कापू नकोस.”

मला रडू आलं, आणि त्यांनी नोकराला हाक मारून माझ्यासाठी काहवा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला. आम्ही दोघं बराच वेळ नुसती पानं उलटत बसलो होतो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा ते माझ्याकडेच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी अर्बाबनी विचारलं, “तुझे वडील कोण होते?” तुम्ही एसटीच्या डेपोत इंजिनं उघडायचात, ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, “विद्वान होते.” त्यांनी मान लववली. मी ते दुरुस्त केलं नाही, बाबा.