नीलचा डबा आणि कोपरची खाडी

ती. मंदाताई,

नौपाड्याहून श्रीपादचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? माझी विचारू नकोस. तिची अवस्था तुझ्या चिरंजीवांनी केली आहे आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

नीलचं संशोधन खरंच काही आहे की नोकरी टाळायची सोय, ते बघून कळव, म्हणजे त्याला पुण्याला बोलावून घेते, असं तू म्हणालीस. बघितलं. त्याच्याकडे एक डबा आहे. बॅटरीचे चोवीस व्होल्ट आत जातात, अठ्ठेचाळीस बाहेर येतात. (आपल्या घरात आत गेलेलं दुप्पट होऊन बाहेर येणारी गोष्ट आजवर एकच होती, अप्पांचा राग.) झालं ना काम? छे! भार बदलला तरी ते व्होल्ट जागेवर राहतात की डोलायला लागतात, यावर साहेब दोन वर्षं आकडेमोड करताहेत. म्हणे स्थिरतेचं विश्लेषण. जो मुलगा एका खुर्चीत जेवण संपवत नाही, तो स्थिरतेवर बोलतो!

रविवारी मला कोपरच्या खाडीवर नेलं. तिथल्या कोळीवाड्यातल्या प्रणित नावाच्या मित्राच्या होडीला विजेची मोटर लावलेली, आणि मोटरला हा डबा. वल्हं घेऊन प्रणितची आई मंजुळाबाई. (शहाणी बाई. डब्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.) निघालो. झोकात निघालो, हेही लिहितो, नाहीतर म्हणशील भाऊ खवट आहे. पण मधोमध नीलने वेग वाढवला आणि होडी पुढे उसळे, थबके, पुन्हा उसळे. नीलचा सगळा हिशोब दोन काटकुळ्या पोरांच्या वजनावर बेतलेला, आणि होडीत मी!

"मामा, व्होल्ट वाढवणाऱ्या या डब्याचा, म्हणजे बूस्टचा, स्वभावच असा," तो मला शिकवू लागला. "जास्त मागितलं की आधी थोडं कमीच देतो, मग वाढवतो. त्याला ताब्यात ठेवणाऱ्या कंट्रोलरला तेवढा धीर धरवत नाही."

"तू तरी धर!" असं ओरडायला मी उभा राहिलो, आणि पुढचा हिसका मला थेट खाडीत घेऊन गेला. पाठोपाठ तुझे चिरंजीवही. मंजुळाबाईने दोघांना बखोट्याला धरून वर ओढलं आणि नीलला विचारलं, "पोरा, तुजा डबा आता वल्हवंल का?" किनाऱ्यापर्यंत तीच वल्हवत आली. माझा चष्मा खाडीत राहिला. विद्वान मात्र गाळ पुसायच्या आधी पुटपुटत होते, "जड भारासाठी कंट्रोलर मंद करायला हवा."

तर असं हे संशोधन. काय समजायचं ते समज.

तुझा,
श्रीपाद

ता. क. त्याला पुण्याला बोलावू नकोस. कंट्रोलर मंद केलाय. येत्या रविवारी पुन्हा चाचणी आहे आणि जड भार म्हणून मीच बसणार आहे. दुसऱ्या कुणाला बसवलं तर याद राख, असं त्याला बजावलंय.

ता. ता. क. तुझ्या मुलाला पोहता येत नाही, हे मला परवा प्रणितकडून कळलं. माझ्यामागे उडी मारण्याआधीही त्याला ते ठाऊक होतंच ना गं?